जयाक्कांची नजर

जयाक्कांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. मैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळतोय असं कळल्यावर मी आणि माझा नवरा तो बघायला गेलो होतो. नवऱ्याला जवळच्याच कडकोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि नाशिकहून आणलेल्या बॅगा अजून लॉजवरच होत्या. फाटक उघडून आत पाऊल टाकलं, तर व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसलेल्या उंच, शिडशिडीत बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "लग्नात अशी नव्हतीस, अल्लवा? हो ना? दहा किलो तरी चढलंय अंगावर."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो घाईघाईने मैसूरच्या हवेबद्दल बोलायला लागला. तेवढ्यात त्या आत गेल्या आणि दोन ताटल्या घेऊन बाहेर आल्या. कांदा-मिरची घालून थापलेली तांदळाची गरम अक्की रोट्टी आणि वर लोण्याचा गोळा. मी अर्धी ठेवली, तर रागावल्या. "अय्यो, टाकतात काय गं? सुम्ने, उगाच नाटक करू नको. खा."

अंगावर दहा किलो जास्त आहे असं सांगून वर लोणी वाढणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. आम्ही तीच जागा घेतली.

त्यांचं पूर्ण नाव जयाबाई मोहिते. पण त्या गल्लीत, बाजारात, त्यांच्या जुन्या कचेरीत, सगळीकडे जयाक्का. पूर्वज म्हणे मैसूरच्या राजांच्या घोडदळात होते. त्या पूर्वजांचं घरात काही उरलं नव्हतं, भाषा तेवढी उरली होती. तीही अशी की वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि संपताना कन्नड होऊन जायचं. माझं मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. "तू काय रेडिओवर बोलतीस काय गं?" म्हणायच्या. नाव कळल्यावरही मला त्यांनी कायम 'नाशिक' म्हणूनच हाक मारली. "ए नाशिक, खाली ये, पाणी आलंय."

जन्मभर एका सरकारी कचेरीत त्यांनी टायपिस्टची नोकरी केली होती. नवरा कधीच गेला होता. एकुलती मुलगी सविता लग्न होऊन मस्कतला होती. सकाळी देवपूजा, दुपारी वामकुक्षी, आणि उन्हं उतरली की व्हरांड्यातली ती खुर्ची. मग रस्त्याने जाणारं प्रत्येक माणूस त्यांच्या नजरेखालून जायचं. इतर लोक 'बरं आहे ना?' विचारतात तितक्याच सहज त्या माणसाच्या अंगाविषयी बोलायच्या. भाजीवाल्याला, "काय रे, बायको आली वाटतं माहेराहून, गाल वर आले तुझे." बँकेतल्या साहेबांना, "खुर्ची मोठी करून घ्या आता." कॉलेजच्या पोरींना तर त्या नावाने ओळखतच नव्हत्या. एक 'सण्ण', म्हणजे बारीक. दुसरी 'दप्पा', म्हणजे जाडी.

गंमत अशी की लोक त्यांना टाळायचेही आणि त्यांच्याकडे यायचेही. समोरच्या घरातल्या वत्सलाम्मा दसऱ्याचं गोडधोड खाऊन झाल्यावर चार-आठ दिवस मागच्या रस्त्याने ये-जा करायच्या. पण महिनाभर योगासनांचा वर्ग केला की मुद्दाम फाटकापाशी येऊन उभ्या राहायच्या. "जयाक्का, झाले ना मी सण्ण?"

जयाक्का चष्मा न लावताच बघायच्या. "मान झाली. कंबर आहे तिथंच आहे."

वत्सलाम्मांचा चेहरा पडायचा. पुढच्या महिन्यात त्या परत यायच्या.

मी एकदा विचारलं, "जयाक्का, लोकांना वाईट वाटत नसेल का हो?"

"वाईट कशाला वाटायचं? मी चोर म्हटलं काय कुणाला? दप्पाला दप्पा म्हटलं. अंग काय पदराखाली लपतंय?"

वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधी, त्या कपाटातून आपल्या लग्नातला जरीचा ब्लाउज काढायच्या आणि घालून बघायच्या. हुक लागले की तसाच घालून जिना चढून मला दाखवायला यायच्या. चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा. मी पहिल्या वर्षी हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. आम्ही खाली स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसलो होतो.

"मला तिघं बघून गेले," त्या म्हणाल्या. "तिघांनी नको म्हटलं. दप्पा म्हणून. तिसऱ्या पोराच्या आईनं तर माझं मनगट असं धरलं बघ, तिच्या दोन बोटांत मावतंय काय म्हणून. नाही मावलं. आमच्या अप्पांनी तिला चहा दिला, वर पान दिलं, गेटपर्यंत सोडायला गेले." त्यांनी एक देठ मोडला. "मग मी खायचं सोडलं. वर्षात मावलं."

हे सांगताना आवाजात काही नव्हतं. कालची भाजी कुठून आणली ते सांगावं तसं.

आम्हाला तिथं राहायला येऊन दोन वर्षं झाली असतील, तेव्हा पुट्टी आली.

पुट्टी म्हणजे सविताची मुलगी. खरं नाव अनघा, वय नऊ. मस्कतला सविता आणि जावई दोघांच्याही कामाच्या वेळा अशा की पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून दोन वर्षं तिला आजीकडे ठेवायचं ठरलं. कन्नडमध्ये पुट्टी म्हणजे छोटुकली. ही छोटुकली चांगली गोलमटोल होती. जिना चढली की धाप लागायची आणि धाप लागली की हसू यायचं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर बसायची, पाय हलवत शाळेतल्या गोष्टी सांगायची. जेवायला बसली की पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायची. इतकं सुख खाण्यात असतं हे मला त्या पोरीकडे बघून कळलं. जयाक्का तिच्या समोर बसून तव्यावरून काढलेली एकेक रोट्टी तिच्या ताटात टाकायच्या आणि ती डोळे मिटायची ते बघत राहायच्या.

आणि नवल म्हणजे, सगळ्या गल्लीची मापं काढणाऱ्या या बाईने पुट्टीला कधी दप्पा म्हटलं नाही. पहिले कित्येक महिने नाही. मला वाटतं, त्यांना ते दिसतच नव्हतं.

पण गल्लीला दिसत होतं. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी लोकांना आयतीच मिळाली. वत्सलाम्मा फाटकाशी थांबून गोड आवाजात म्हणायच्या, "जयाक्का, आधी घरात बघा हं." भाजीवाला बटाटे मोजताना पुट्टीकडे बघून हसायचा. शाळेच्या नाचात तिला पुढच्या रांगेतून काढून मागे उभं केलं, कारण भाड्याने आणलेल्या पोशाखात ती मावली नाही. ते तिने मला सांगितलं, आजीला सांगितलं नाही. सांगतानाही हसत होती, पण पाय हलवत नव्हती.

मग तो रविवार आला.

सकाळी आम्ही तिघी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला गेलो होतो. तिथं सकाळी अर्धं मैसूर चालायला येतं. काठाने चालून झाल्यावर पुट्टीला तिखट-मीठ लावलेल्या पेरूच्या फोडी घेऊन दिल्या होत्या. त्या खात ती आजीचं बोट धरून चालत होती. समोरून चार-पाच जणांचा एक गट आला. पुढे पांढरे बूट आणि टोपी घातलेले एक निवृत्त गृहस्थ होते. ते आमच्यासमोर थांबले. ओळख ना पाळख, त्यांनी पुट्टीकडे बोट दाखवून जयाक्कांना विचारलं, "अज्जी, ई मगूगे एनु तिनिस्तीरा?" म्हणजे, या पोरीला खायला काय घालता?

जयाक्कांना आधी कळलंच नाही. त्या हसल्या.

गृहस्थ हसले नाहीत. कन्नडमध्येच पुढे बोलत राहिले, शिकवण्याच्या सुरात, मागच्या लोकांनाही ऐकू जाईल असं. हे प्रेम नव्हे. लाडाने तुम्ही हिचं वाटोळं करताय. या वयात इतकी, तर पुढे काय? साखर होईल, गुडघे जातील, आणि लग्नाला कोण उभं राहील? "हा गुन्हा आहे, अज्जी. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका."

गटातल्या एका बाईंनी कोमट पाणी आणि लिंबू सुचवलं. कानात इअरफोन घातलेला एक तरुण जाता जाता थांबला आणि पोहायला घाला म्हणाला. अजून एकीने पुट्टीचा गाल धरून ओढला, "चेहरा किती गोड आहे, बारीक झाली तर राजकन्या दिसेल." सगळे अगदी मनापासून बोलत होते. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पाच मिनिटांत ते सगळे आपापल्या फेऱ्या पुऱ्या करायला निघून गेले.

पुट्टीने पेरूची फोड तोंडाशी नेली होती, ती तिथंच राहिली होती. मग हात हळूहळू खाली गेला. तळ्याच्या दरवाजापाशी आलो तेव्हा हात रिकामा होता. फोड कुठं टाकली ते आम्हाला दिसलं नाही.

घरी आल्यावर जयाक्का फाटकाला हात लावून उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुन्हा म्हटलं गं त्यानं. मला."

त्याच दुपारी तुपाची बरणी, गूळ, शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा असं सगळं माझ्या स्वयंपाकघरात आलं. "तुझ्याकडं ठेव. मागितलं तरी द्यायचं नाही." खालच्या घरात भात बंद झाला. नाचणी आली, काकडी आली, ताक आलं तेही लोणी काढलेलं. आणि दोरी आली. शाळेला जाण्याआधी आणि शाळेतून आल्यावर पुट्टीने गच्चीवर दोरीच्या उड्या मारायच्या. गच्ची आमच्या डोक्यावर. टप, टप, टप. मध्ये दोरी अडकली की थांबायची, मग पुन्हा टप, टप. पहिले काही दिवस उड्यांच्या मध्ये रडण्याचा आवाज यायचा. मी एकदा खाली गेले, तर जयाक्का पाटावर बसून पदर तोंडात धरून वर छताकडे बघत होत्या.

"खूप होतंय जयाक्का. लहान आहे ती," मी म्हटलं.

"माहीत आहे गं. पण तिचं मनगट कोणी धरायला नको."

मग हळूहळू रडणं थांबलं. नंतर आजीने हाक मारायच्या आधीच उड्यांचा आवाज सुरू व्हायला लागला. पुट्टी उतरत गेली. गालांची हाडं दिसायला लागली, शाळेचा गणवेश कमरेत दोनदा आत घेतला. गल्लीत दुसरा विषय उरला नाही. वत्सलाम्मांनी आपल्या भाचीचा फ्रॉक आणून दिला. शिक्षिकेने वर्गासमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. तळ्यावरच्या त्या गृहस्थांनी लांबूनच ओळखलं आणि येऊन तिच्याशी हात मिळवला, "शाब्बास! आता सोडायचं नाही हं!" जयाक्कांची मान ताठ झाली. रोज संध्याकाळी मस्कतला व्हिडिओ कॉल लागायचा. "फिर की गं, आईला फिरून दाखव." पुट्टी जागच्या जागी गिरकी घ्यायची. पलीकडे सविता पहिल्यांदा हसली. नंतर नंतर गप्प राहायला लागली. एकदा मी तिथं असताना म्हणाली, "आई, आता बास." जयाक्का म्हणाल्या, "अजून थोडं. दंड बघ की अजून."

संक्रांतीच्या सुमारास त्यांनी मैसूरपाक केला. ओळखीच्या तूपवाल्याकडून तूप आणून, स्वतः हलवून. माझ्याकडच्या बरणीतलं त्यांना कमी दर्जाचं वाटलं. डबा भरला आणि पुट्टीच्या हातात दिला. नातीचं वजन उतरलं म्हणून गल्लीला गोड वाटायचं होतं. पुट्टी नवा फ्रॉक घालून घरोघर गेली. मी वरून बघत होते. प्रत्येक दारात ती डबा उघडायची, लोक एक वडी उचलायचे, तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. आमच्या दारात आली तेव्हा मी एक वडी तिच्या तोंडापुढे धरली. ती एक पाऊल मागे सरकली. जिन्यावरून पडेल की काय असं वाटलं मला.

"साकु, मावशी," ती म्हणाली. पुरे. अजून काही खाल्लंच नव्हतं, आणि पुरे.

मैसूरला मार्चमध्येच ऊन तापायला लागतं. पुट्टी त्या उन्हात स्वेटर घालून बसायची. जयाक्कांना न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके सापडायला लागले. मग एक दिवस त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या, तर कठड्यामागे रोट्टीचे तुकडे, नाचणीचे मुद्दे म्हणजे उकडलेले गोळे, वाळलेली पोळी, आणि त्यावर बसलेले निवांत कावळे. किती दिवसांपासून ते तिथं जेवत होते कोण जाणे.

तेव्हा जयाक्का घाबरल्या. इतकी घाबरलेली बाई मी पाहिली नाही. माझ्याकडून तुपाची बरणी परत नेली. भात शिजला, मटणाचं सारू झालं, ओबट्टू म्हणजे पुरणपोळी झाली. पुट्टीच्या मागे घास घेऊन त्या घरभर फिरायच्या. "खा की गं, माझं बंगारा, माझं सोनं. एक घास. आज्जीसाठी एक."

"दप्पा होईन की आज्जी."

"झाली तर होऊ दे. होऊ दे गं."

"मग सगळे बोलतील."

"कोण बोलतंय बघते मी."

पुट्टीने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. तिने तोंड मिटून घेतलं आणि मान फिरवली.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती पडली. तिथून तिला सरळ इस्पितळात नेलं. सविता मिळेल त्या विमानाने आली. मी थर्मासमध्ये कॉफी घेऊन गेले, तेव्हा मायलेकी वॉर्डच्या बाहेर बाकावर बसल्या होत्या, दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल इतकी जागा सोडून. सविता नर्सबरोबर पोरीचे कपडे बदलून नुकतीच बाहेर आली होती. 

"तिच्या पाठीचा एकेक मणका दिसतोय, आई."

जयाक्कांनी वॉर्डच्या दाराकडे पाहिलं.

"तुला माहीत आहे, मी ह्यांच्याशी लग्न का केलं? पहिल्यांदा भेटले तेव्हा ह्यांनी मला विचारलं, काय खाणार? एवढंच. या घरात मला तसं कुणी कधी विचारलं नव्हतं. तू वाढायचीस आणि बघायचीस. वाढायचीस आणि बघायचीस. मी पळून गेले. ही कुठं पळणार होती?"

"मी वाईटासाठी केलं काय गं?" जयाक्का म्हणाल्या. "लोक बोलायले होते. रस्त्यात उभं करून बोलायले होते."

"लोक बोलतात. पण ते घरी जातात, आई. तू तर घरातच होतीस."

मी कॉफी बाकावर ठेवून परत आले. ती कुणी प्यायली असेल असं वाटत नाही.

पुट्टी वाचली. महिन्यावर इस्पितळात राहिली. सलाइन, मग नळीने दूध, मग चमच्याने. सविताने मस्कतची नोकरी सोडली आणि गावाबाहेर येलवालला एक छोटं घर घेऊन पोरीसह तिथं राहायला गेली. जयलक्ष्मीपुरमच्या घरात पोरीला ठेवायला तिने साफ नकार दिला. डॉक्टरबाईंनी ताकीद दिली होती की मुलीसमोर कुणाच्याही अंगाविषयी बोलायचं नाही, आणि ती जेवताना तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. आजीला भेटायची परवानगी होती, अधूनमधून.

त्यानंतर जयाक्का संध्याकाळी व्हरांड्यात बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. लोक सवयीने थबकायचे. काही येत नाही म्हटल्यावर पुढे जायचे. वत्सलाम्मा एकदा फाटकाशी आल्या. खरोखरच बारीक झाल्या होत्या. "जयाक्का, बघा तरी. सण्ण झाले ना?"

जयाक्कांनी नजर वर केली नाही. "मला आता दिसत नाही गं," म्हणाल्या.

वत्सलाम्मा मला म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, दाखवून घ्या. मी हो म्हटलं. जयाक्का त्याच दिवशी सकाळी चष्मा न लावता तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मग त्या दुपारी दुपारी वर यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडलं, तर त्यांनी जिन्याच्या वरच्या टोकाकडे बोट दाखवलं. "कोण गं उड्या मारतंय वर?"

"कुणी नाही जयाक्का."

"ऐक की. टप टप वाजतंय."

मी त्यांना हात धरून गच्चीवर नेलं. कपड्यांची दोरी, पाण्याची टाकी, ऊन. त्यांनी चारी कोपरे बघितले, टाकीच्या मागेसुद्धा बघितलं. मग खाली आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मी दर वेळी त्यांना वर नेऊन रिकामी गच्ची दाखवायची. त्या दर वेळी मान हलवायच्या आणि जिना उतरताना मध्येच थांबून कान द्यायच्या. पुढे पुढे, भर दुपारी घरात एकटी असताना, मीही हातातलं काम थांबवून छताकडे बघायला लागले.

एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "नाशिक, मला तळ्यावर ने."

"फिरायला?"

"तो माणूस बघायचाय मला. पांढऱ्या बुटांचा."

दोन सकाळी गेलो, भेटला नाही. तिसऱ्या सकाळी दिसला. गट घेऊन चालला होता. जयाक्का वाटेच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मी जरा घाबरले. त्या भांडतील, ओरडतील असं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, तुम्ही माझ्या नातीला बोलला होता. ती आजारी पडली. मरता मरता वाचली.

गृहस्थांनी टोपी काढली. भला माणूस होता. चेहऱ्यावर खरंच काळजी दिसली. "याव हुडुगी, अज्जी?" त्यांनी विचारलं. कुठली मुलगी?

जयाक्कांनी सांगितलं. जाडी होती. पेरू खात होती. नंतर तुम्ही हात मिळवला होता तिच्याशी.

ते आठवायचा प्रयत्न करत होते. मागे वळून गटातल्या बाईंना विचारलं. त्यांनाही आठवेना. "अज्जी, मी पुष्कळ मुलांना सांगतो," ते शेवटी म्हणाले. "त्यांच्या भल्यासाठीच सांगतो. कुठली ते नाही लक्षात." आणि हात जोडले.

परत येताना रिक्षात जयाक्का बराच वेळ बाहेर बघत होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "त्याला आठवतसुद्धा नाही गं." आणि मग, रिक्षातून उतरताना, "मला तरी कोण आठवतंय. किती जणांना बोलले मी. एक चेहरा आठवत नाही."

दीडेक वर्षाने नवऱ्याची बदली झाली. निघायच्या आधीच्या रविवारी जयाक्कांनी मला येलवालला बरोबर चल म्हटलं. पुट्टीला भेटायचं होतं. ती आता बारा वर्षांची झाली होती. उंच झाली होती. अंगाने कशी होती ते मी लिहीत नाही. माझ्याकडे बघून हसली, 'मावशी' म्हणाली, आजीच्या पाया पडली. घरात एकच खोली आणि स्वयंपाकघर. सविताने जमिनीवर चार पानं मांडली. भात, सांबार, कोशिंबीर, पापड. आम्ही बसलो.

पुट्टीने भात कालवला. कालवत राहिली. आम्ही तिघी जेवायला लागलो, इकडचं तिकडचं बोलायला लागलो, तरी तिची बोटं भातातच फिरत होती. तिने मान वर केली नाही, पण आजी कुठं बसलीय ते तिच्या सगळ्या अंगाला कळत होतं. सविताने आईकडे पाहिलं. ती काही बोलणार, एवढ्यात जयाक्कांनी आपलं पान उचललं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. आम्हा सगळ्यांकडे पाठ करून. भिंतीपासून त्यांचा चेहरा वीतभर लांब होता.

"बोला की," त्या भिंतीला म्हणाल्या. "गप्प का बसलात?"

सविता शेजारच्या कुत्र्याविषयी काहीतरी बोलायला लागली. मीही बोलले. काय बोललो ते आता आठवत नाही. आणि मग बोलणं चालू असतानाच पापड मोडल्याचा आवाज आला. मग थोड्या वेळाने घास चावल्याचा. हळू, पण येत होता.

मी भिंतीच्या बाजूला बसले होते, म्हणून फक्त मला जयाक्का दिसत होत्या. त्यांच्या पानातलं त्यांनी काही खाल्लं नव्हतं. डोळे मिटलेले होते. डावा हात मांडीवर होता आणि त्या हाताचा अंगठा, जप करावा तसा, बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मागून एक घास ऐकू आला की एक पेर. पुन्हा एक घास, पुन्हा एक पेर.

त्यांनी डोळे उघडले आणि मी बघतेय हे त्यांना दिसलं. अंगठा जागीच थांबला. मग त्यांनी तो हात उचलला, मांडीखाली सरकवला आणि त्यावर सगळा भार टाकून, भिंतीकडे बघत, तशाच बसून राहिल्या.